'रस्ता बंद' फलकाचे उल्लंघन : कायदेशीर तरतुदी, दंड आणि खानदेशातील अनुभव

प्रस्तावना

धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. सुरत-भुसावळ लोहमार्ग या गावावरून जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा क्रमांक ५३, याच तालुक्यातील पाळधी व बांभोरी या गावांजवळून जळगावकडे जातो. गिरणा नदी तालुक्याच्या हद्दीतून वाहत तापीला मिळते. अमळनेर, एरंडोल, चोपडा आणि जळगाव या चारही दिशांना जाणारी कापसाची, केळीची व प्रवाशांची वाहने या परिसरातील रस्त्यांवर वर्षभर दिसतात. अशा भागात पुलाची दुरुस्ती, नाल्याला आलेला पूर, मिरवणूक किंवा रेल्वे फाटक या कारणांनी रस्ता काही काळ बंद होणे ही नित्याची बाब आहे. तितकीच नित्याची बाब म्हणजे आडवे लावलेले अडथळे बाजूला सारून पुढे जाणारी वाहने.

'रस्ता बंद' हा फलक पाहूनही पुढे जाणाऱ्या वाहनचालकाला कोणती शिक्षा होऊ शकते, या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारणपणे 'शंभर-पाचशे रुपये दंड' असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. एकाच कृतीला परिस्थितीनुसार पाचशे रुपयांच्या दंडापासून पाच वर्षांच्या कारावासापर्यंतच्या तरतुदी लागू होऊ शकतात. याउलट, फलक नियमानुसार लावलेला नसेल तर साधा दंडही न्यायालयात टिकणे कठीण होते. या तरतुदींचे स्वरूप, त्यांचा परस्परसंबंध आणि खानदेशातील त्यांच्या अंमलबजावणीचा अनुभव यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रस्ता बंद करण्याचा अधिकार

रस्ता हा सार्वजनिक वापरासाठी असतो. त्यामुळे तो बंद करण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला आहे त्यानेच, आणि कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच, वापरावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासन किंवा शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी, अथवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास, विशिष्ट रस्त्यावर किंवा क्षेत्रात सर्व अथवा ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करू शकतो किंवा निर्बंध घालू शकतो. अशी मनाई राजपत्रातील अधिसूचनेद्वारे करावयाची असते. मात्र निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार नसेल तर राजपत्रातील प्रसिद्धी आवश्यक नाही. परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी पुरेशी ठरते, असे याच कलमाचे परंतुक सांगते.

या कलमातील एक वाक्यांश विशेष महत्त्वाचा आहे. मनाई केल्यानंतर योग्य ठिकाणी कलम ११६ प्रमाणे वाहतूक चिन्हे उभारणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. म्हणजेच आदेश आणि फलक या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. आदेश कार्यालयाच्या धारिकेत आहे पण रस्त्यावर फलक नाही, किंवा रस्त्यावर फलक आहे पण त्यामागे आदेशच नाही, या दोन्ही अवस्था कायद्याच्या दृष्टीने अपूर्ण होत.

मोटार वाहन कायद्याखेरीज अन्य कायद्यांतूनही हा अधिकार प्राप्त होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार पोलीस आयुक्त व जिल्हादंडाधिकारी यांना रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियमन करणारे नियम व आदेश काढता येतात. गणेशविसर्जन, मोहरम, यात्रा किंवा निवडणुकीच्या मिरवणुकीवेळी वाहतूक वळविण्याचे आदेश सामान्यतः याच अधिकारात काढले जातात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला आपद्‌ग्रस्त भागाकडे जाणारी, तेथून येणारी व त्या भागातील वाहतूक नियंत्रित करण्याचा अधिकार देते. जिल्हाधिकारी हे या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय महामार्गांबाबत २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियमातही असुरक्षित महामार्गावरील वाहतूक नियंत्रित करण्याच्या व तात्पुरती बंद ठेवण्याच्या तरतुदी आहेत.

कोणत्या कायद्याखाली रस्ता बंद केला यावर उल्लंघनाची शिक्षा अवलंबून असते. म्हणून शिक्षेचा विचार करण्यापूर्वी आदेशाचे मूळ पाहणे आवश्यक ठरते.

फलकाचे कायदेशीर स्वरूप

वाहतूक चिन्हांचे तीन वर्ग सर्वपरिचित आहेत : आदेशात्मक, सावधगिरीची आणि माहितीदर्शक. १९६८ च्या व्हिएन्ना आंतरराष्ट्रीय करारात आकार व रंग यांवरून चिन्हाचा अर्थ कळावा असे तत्त्व स्वीकारले गेले. भारतीय कायद्याची पहिली अनुसूचीही त्याच धर्तीची आहे. आदेशात्मक चिन्हे प्रायः गोल व लाल किनारीची, सावधगिरीची त्रिकोणी आणि माहितीदर्शक चौकोनी असतात.

मोटार वाहन कायद्याचे कलम ११९ प्रत्येक चालकावर आदेशात्मक चिन्हाचे पालन करण्याचे बंधन घालते. आदेशात्मक चिन्ह म्हणजे काय, हेही याच कलमात सांगितले आहे. पहिल्या अनुसूचीच्या 'अ' भागातील चिन्ह, किंवा त्यासारखे लाल पार्श्वभूमीचे अथवा लाल किनारीचे वर्तुळाकार चिन्ह, जे कलम ११६ प्रमाणे उभारले आहे, ते आदेशात्मक होय. लाल वर्तुळातील आडवी पांढरी पट्टी म्हणजे 'प्रवेश निषिद्ध'. लाल किनारीचे, आत कोरे असलेले पांढरे वर्तुळ म्हणजे 'दोन्ही दिशांनी वाहनांस मनाई'. पूर्णतः बंद असलेल्या रस्त्यासाठी हे दुसरे चिन्ह आहे. परंतु त्याचा अर्थ किती चालकांना ठाऊक असतो, ही शंकाच आहे.

ग्रामीण भागात प्रत्यक्षात काय आढळते? कापडी फलकावर 'पुढे काम चालू आहे, रस्ता बंद' असा मजकूर, दोन पिंपांवर ठेवलेला बांबू, मातीचा ढीग किंवा बाभळीच्या फांद्या. यांतील कोणतीही वस्तू कलम ११९ च्या व्याख्येत बसत नाही. चौकोनी कापडी फलक माहिती देतो. तो 'आदेशात्मक चिन्ह' ठरेलच असे नाही. त्यामुळे केवळ अशा फलकाच्या आधारे कलम ११९ खालील कारवाई झाल्यास बचाव पक्षाला व्याख्येचाच आधार घेता येतो. गोल चिन्ह आणि मराठीतील मजकूर हे दोन्ही एकाच फलकावर असणे म्हणूनच श्रेयस्कर होय. पहिल्याने कायद्याची पूर्तता होते, दुसऱ्याने चालकाला अर्थ कळतो.

याचा अर्थ असा नव्हे की बाभळीच्या फांद्या ओलांडून जाणारा चालक निर्दोष ठरतो. चिन्ह सदोष असले तरी धोका स्पष्ट दिसत असताना वाहन पुढे नेणे हा स्वतंत्र अपराध होऊ शकतो. तसेच मूळ मनाईचा आदेश वैध असेल तर त्या आदेशाचे उल्लंघनही शिल्लक राहतेच.

शिक्षेचे स्तर

पहिला स्तर साध्या अवज्ञेचा आहे. कलम ११९ च्या उल्लंघनासाठी स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नसल्याने कलम १७७ ची सर्वसाधारण तरतूद लागू होते. १९८८ च्या मूळ कायद्यात हा दंड प्रथम अपराधास शंभर रुपयांपर्यंत व पुढील अपराधास तीनशे रुपयांपर्यंत होता. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या सुधारणेने तो अनुक्रमे पाचशे व पंधराशे रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने प्रत्यक्ष थांबण्याचा किंवा वळण्याचा निर्देश दिला असता तो न मानल्यास कलम १७९ लागू होते. त्यातील दंडाची मर्यादा पूर्वी पाचशे रुपये होती; सुधारणेनंतर ती दोन हजार रुपये झाली. घटनास्थळी किंवा ई-चलनाद्वारे घेतले जाणारे तडजोड शुल्क कलम २०० खालील राज्य शासनाच्या अधिसूचनेने ठरते. महाराष्ट्रात सुधारित दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

दुसरा स्तर मनाई आदेशाच्या उल्लंघनाचा आहे आणि तो बहुतांश चालकांना अपरिचित असतो. कलम १९४ सर्वसाधारणपणे जादा माल भरण्याचे कलम म्हणून ओळखले जाते. परंतु त्याच्या पहिल्या पोटकलमात कलम ११३ व ११४ यांच्यासोबत कलम ११५ चाही उल्लेख आहे. म्हणजे कलम ११५ खाली बंद केलेल्या रस्त्यावर वाहन चालविणारा, चालवावयास लावणारा किंवा चालवू देणारा यांना वीस हजार रुपये दंड होऊ शकतो. जादा माल असल्यास प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार रुपये. २०१९ पूर्वी मूळ रक्कम दोन हजार रुपये होती. दिल्लीत प्रवेशबंदीच्या काळात शहरात येणाऱ्या मालवाहू वाहनांवर याच दोन कलमांच्या आधारे कारवाई केली जाते. 'चालवावयास लावणारा किंवा चालवू देणारा' या शब्दांमुळे वाहनमालकही जबाबदारीच्या कक्षेत येतो, हे विशेष होय. वेळ वाचविण्यासाठी चालकाला बंद मार्गाने जाण्यास सांगणारा मालक 'मी गाडीत नव्हतो' एवढे सांगून सुटू शकत नाही.

येथे कायद्यातील एक विसंगती लक्षात येते. एकाच बंद रस्त्यावर, एकाच फलकापुढून गेलेल्या दोन वाहनांपैकी एकावर कलम ११९ व १७७ खाली पाचशे रुपयांची आणि दुसऱ्यावर कलम ११५ व १९४ खाली वीस हजार रुपयांची कारवाई होऊ शकते. कोणते कलम लावावयाचे हे चलन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती राहते. चाळीसपट अंतर असलेल्या दोन दंडांमधील निवड स्पष्ट निकषांशिवाय केली गेली तर मनमानीला आणि गैरव्यवहाराला वाव मिळतो.

तिसरा स्तर धोकादायक वाहन चालविण्याचा आहे. कलम १८४ मध्ये २०१९ च्या सुधारणेने एक स्पष्टीकरण जोडले गेले. लाल दिवा ओलांडणे, 'थांबा' चिन्हाचे उल्लंघन, वाहतुकीच्या अधिकृत प्रवाहाविरुद्ध वाहन चालविणे यांचा त्यात समावेश आहे. सक्षम व काळजीपूर्वक चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीपेक्षा फारच खालच्या दर्जाचे आणि उघडपणे धोकादायक असे चालविणेही त्यात येते. वाहनातील प्रवाशांमध्ये, इतर रस्ता वापरणाऱ्यांमध्ये किंवा जवळपासच्या व्यक्तींमध्ये भीती वा त्रास निर्माण होईल असे चालविणेही या कलमात मोडते. पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावर प्रवाशांनी भरलेले वाहन घालणे या वर्णनात सहज बसते. प्रथम अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कलम १८८ नुसार अशा कृत्यास चिथावणी देणाराही तितक्याच शिक्षेस पात्र ठरतो. 'घाल रे गाडी, काही होत नाही' हे वाक्य केवळ उत्साहाचे नसून कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

चौथा स्तर सामान्य फौजदारी कायद्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २२३ नुसार लोकसेवकाने रीतसर जाहीर केलेला आदेश माहीत असूनही मोडल्यास आणि त्यामुळे अडथळा वा इजा संभवल्यास सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, आणि मानवी जीवितास, आरोग्यास वा सुरक्षिततेस धोका संभवल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही शिक्षा एकत्रही देता येतात. पूर्वीच्या कलम १८८ च्या तुलनेत या मर्यादा बऱ्याच वाढल्या आहेत. बेदरकार वाहन चालविण्यासाठी कलम २८१ आहे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्यास कलम १०६ लागू होते आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जुन्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षे होती.

पाचवा स्तर आपत्तीच्या काळातील आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५१ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे निर्देश वाजवी कारणाशिवाय न पाळल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे जीवितहानी झाली किंवा तसा निकटचा धोका उत्पन्न झाला तर कारावास दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो.

मात्र चौथ्या व पाचव्या स्तरांतील काही तरतुदींना प्रक्रियेची अट आहे. कलम २२३ खालील अपराधाची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकते. आपत्ती अधिनियमातही दखल घेण्यासाठी प्राधिकरणाची तक्रार किंवा नागरिकाने तीस दिवसांची पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. ही पूर्तता न झाल्याने प्रकरणे निष्फळ ठरण्याची शक्यता असते.

रेल्वे फाटक : सर्वांत कठोर तरतूद

धरणगावसारख्या लोहमार्गावरील गावात 'बंद रस्ता' याचा सर्वांत रोजचा अनुभव म्हणजे बंद फाटक. येथे मोटार वाहन कायद्याबरोबरच रेल्वे अधिनियम, १९८९ लागू होतो. त्याच्या कलम १६० नुसार रस्ता वाहतुकीसाठी बंद असलेले फाटक, साखळी किंवा अडथळा अनधिकृतपणे उघडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि तो मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. फाटकाखालून दुचाकी वाकवून नेणाऱ्यास कलम १४७ ची अनधिकृत प्रवेशाची तरतूद लागू होऊ शकते. तिच्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

रस्त्यावरील अडथळा दूर केला तर पाचशे रुपये आणि रेल्वेचा अडथळा मोडला तर पाच वर्षे, ही तफावत धोक्याच्या स्वरूपावरून समजू शकते. फाटकावरील चूक शेकडो प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. तथापि तफावतीचे आणखी एक कारण आहे. रेल्वेचे फाटक कोणी, केव्हा आणि कशासाठी बंद केले याची नोंद असते आणि तेथे जबाबदार कर्मचारी हजर असतो. ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद करण्यात आली. त्यामुळे 'फाटक बंद' ही बाब सिद्ध करणे सोपे असते. रस्त्यावरील फलकाबाबत हीच शिस्त अभावानेच आढळते.

औट्रम घाटाचा अनुभव

जळगाव जिल्ह्यात रस्ता बंदीचा सर्वांत बोलका अनुभव चाळीसगाव व कन्नड यांमधील औट्रम घाटाचा आहे. ज्या जेम्स औट्रमच्या नावाने हा घाट ओळखला जातो, त्यानेच १८२५ मध्ये खानदेशातील भिल्ल पलटण उभारली आणि तिचे मुख्य ठाणे धरणगाव येथे होते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील हा घाट खानदेश आणि मराठवाडा यांना जोडणारा प्रमुख दुवा आहे.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे अतिवृष्टीमुळे चाळीसगाव परिसरात तितूर व डोंगरी नद्यांना मोठा पूर आला आणि घाटात दरडी कोसळल्या. रस्ता खचला, वाहने अडकली आणि घाट वाहतुकीसाठी बंद करावा लागला. पुढे काही काळ हलक्या वाहनांना मुभा व अवजड वाहनांना मनाई अशी व्यवस्था राहिली. नांदगाव-मालेगाव बाजूने वळसा घालणे म्हणजे जादा इंधन आणि जादा वेळ. त्यामुळे मनाई मोडण्याचे आर्थिक आकर्षण मोठे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण यांनी रात्री स्वतः मालट्रक चालवीत घाटात जाऊन, पैसे घेऊन अवजड वाहने सोडली जात असल्याचा आरोप केला आणि तो राज्यभर गाजला. पुढे घाटातील वारंवारच्या कोंडीचा प्रश्न न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये घाटातून अवजड वाहनांच्या वाहतुकीस मनाई केली.

या घटनाक्रमातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, वळशाचा खर्च आणि दंडाची रक्कम यांची तुलना चालक व मालक करतात. वळशाला काही हजार रुपये लागत असतील आणि पकडले गेल्यास पाचशे रुपये द्यावे लागत असतील, तर उल्लंघन हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. दुसरी, दंड वीस हजार रुपयांचा असला तरी तो टाळण्याची छुपी सोय असेल तर मोठा दंड मोठ्या लाचेचे निमित्त ठरू शकतो. तिसरी, ज्याच्यावर बंदी पाळून घेण्याची जबाबदारी आहे त्याचे वर्तन हाच बंदीचा खरा फलक असतो. २०१९ च्या सुधारणेने जोडलेल्या कलम २१०-ब नुसार कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या प्राधिकरणानेच या कायद्याखालील अपराध केल्यास त्याला दुप्पट शिक्षा सांगितली आहे, ही तरतूद या संदर्भात अर्थपूर्ण होय.

वाहत्या पाण्याचे गणित

रस्ता बंद करण्याची कारणे चालकाला अनेकदा अतिशयोक्त वाटतात. विशेषतः फरशी पुलावर दिसणारे गुडघाभर पाणी त्याला रोजच्या ओळखीचे वाटते. पण भौतिकशास्त्राचा साधा नियम येथे विसरला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे सहा इंच वेगवान पाणी प्रौढ माणसाला खाली पाडू शकते, सुमारे एक फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते, तर दोन फूट पाण्यात जीप वा छोटे मालवाहू वाहनही टिकत नाही. वाहन पाण्यात जितके बुडते तितक्या पाण्याच्या वजनाइतका त्याचा भार हलका होतो, चाकांची रस्त्यावरील पकड सुटते आणि आडवा प्रवाह त्याला काठावरून ढकलतो. पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला आहे हेही दिसत नाही.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागाव नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. बस पुढे नेण्यात आली आणि ती वाहून जाऊन जीवितहानी झाली. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. या दुसऱ्या घटनेने फलकाची मर्यादा उघड केली. केवळ फलक लावणे म्हणजे रस्ता बंद करणे नव्हे. याच्या उलट उदाहरण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीचे आहे. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह वाहने नदीत कोसळली. तेथे पूल वेळीच बंद केला गेला नव्हता. एका घटनेत बंदी होती पण पाळली गेली नाही, दुसरीत बंदीची गरज होती पण ती घातली गेली नाही. परिणाम सारखाच झाला.

अन्य देशांतील एक प्रयोग

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने १९९५ मध्ये केलेला कायदा या संदर्भात उल्लेखनीय आहे. पुरामुळे अडथळे लावून बंद केलेल्या रस्त्यावर वाहन घालून अडकणाऱ्या चालकाकडून त्याच्या सुटकेसाठी झालेला खर्च, दोन हजार डॉलरच्या मर्यादेपर्यंत, वसूल करता येतो. या कायद्यामागील विचार शिक्षेपेक्षा नुकसानभरपाईचा आहे. चालकाच्या हट्टासाठी बचाव पथकाला जीव धोक्यात घालावा लागतो आणि खर्च समाजावर पडतो. तो त्यानेच सोसावा, ही भूमिका सर्वसामान्यांना सहज पटते. महत्त्वाची अट अशी की रस्ता प्रत्यक्ष अडथळे लावून बंद केलेला असला पाहिजे. म्हणजे तेथेही शासनाचे कर्तव्य आधी आणि नागरिकाचे दायित्व नंतर येते. महाराष्ट्रात पूरस्थितीत महसूल, पोलीस व आपत्ती प्रतिसाद दलांना करावी लागणारी धावपळ पाहता अशा तरतुदीचा विचार होण्यास हरकत नाही.

प्रशासनाचे दायित्व

कायद्याने केवळ चालकालाच बांधले आहे असे नाही. कलम ११६ नुसार चिन्ह हेतुपुरस्सर काढणे, बदलणे किंवा विद्रूप करणे निषिद्ध आहे. चुकून नुकसान झाल्यास ते चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. २०१९ मध्ये जोडलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याचे आरेखन, बांधकाम वा देखभाल यांच्या विहित मानकांचे पालन न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कामाच्या ठिकाणी आगाऊ सूचना, वळण रस्त्याचा दिशादर्शक, परावर्तक पट्ट्या आणि रात्रीचे दिवे कसे असावेत याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय रस्ते काँग्रेसने प्रसिद्ध केली आहेत.

चालक बंद रस्त्यात का शिरतो, याचे एक सरळ कारण म्हणजे त्याला बंदी फार उशिरा कळते. पाळधी किंवा एरंडोल येथेच सूचना मिळाली तर तो मार्ग बदलेल. दहा किलोमीटर आत आल्यावर पुलाच्या तोंडाशी फलक दिसला तर परत फिरण्यापेक्षा धोका पत्करण्याकडे त्याचा कल होतो. दुसरे कारण म्हणजे काम संपूनही महिनोन्‌महिने तसेच राहिलेले फलक. ज्या फलकाकडे काल दुर्लक्ष करणे योग्य ठरले त्याकडे आज लक्ष द्यावे असे चालकाला का वाटावे? शिळा फलक नव्या फलकाचीही विश्वासार्हता नष्ट करतो.

इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चितता अधिक परिणामकारक असते असे प्रतिपादन केले होते. रस्ता बंदीच्या बाबतीत हे तत्त्व तंतोतंत लागू पडते. २०१९ मध्ये दंड वाढले. निश्चितता त्या प्रमाणात वाढल्याचे औट्रम घाटाचा अनुभव सांगत नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. 'रस्ता बंद' फलकाचे उल्लंघन हा एकच अपराध नसून परिस्थितीनुसार वेगवेगळ्या कायद्यांखाली येणाऱ्या अपराधांचा समूह आहे. कलम १७७ व कलम १९४ यांतील निवडीसाठी राज्य पातळीवर स्पष्ट निकष असणे आवश्यक आहे. उदाहरणार्थ, दुरुस्तीसाठीच्या साध्या बंदीस पहिले आणि पूल, घाट वा पूर यांमुळे घातलेल्या बंदीस दुसरे कलम असा भेद करता येईल. प्रत्येक फलकावर गोल आदेशात्मक चिन्ह, मराठी मजकूर, आदेशाचा क्रमांक, बंदीचा कालावधी आणि पर्यायी मार्ग असावा. मुदत संपताच फलक काढण्याची जबाबदारी निश्चित केलेली असावी.

महाविद्यालयांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. पावसाळ्याच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून दुचाकीने येणारे विद्यार्थी नाल्याच्या काठी उभे राहून जो निर्णय घेतात तो बहुधा तासिका, परीक्षा वा हजेरी यांच्या दडपणाखाली घेतलेला असतो. रस्ता बंद असल्यास अनुपस्थितीची दखल सहानुभूतीने घेतली जाईल एवढी एक सूचना वर्गात वेळीच दिली गेली, तर ती कोणत्याही दंडापेक्षा अधिक उपयोगी पडेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडून तालुक्यातील फरशी पुलांची व तेथील फलकांची पाहणी करून ती माहिती तहसील कार्यालयास व सार्वजनिक बांधकाम विभागास देणे हा उपक्रमही सहज शक्य आहे.

कायदा चालकाला थांबण्यास सांगतो. परंतु थांबणाऱ्याला आपण का थांबलो आणि आता कोणत्या वाटेने जावे हे कळले पाहिजे. आदेश वैध, फलक स्पष्ट आणि कारवाई सर्वांना सारखी, या तीन अटी पूर्ण झाल्या तर पाचशे रुपयांचा दंडही पुरेसा ठरू शकेल. त्या पूर्ण झाल्या नाहीत तर वीस हजारांचा दंडही पुलाच्या तोंडाशी आलेले वाहन थांबवू शकणार नाही.